तहसीलमागचं फिजिओथेरपी सेंटर: एका सायटिकावाल्याचा हिशोब

आधी पायऱ्यांचं बोलून घेतो. एकोणीस आहेत. खाली कृषी केंद्र, वर कंबरेचा दवाखाना. ज्याला खाटेवरून उठायला दोन माणसं लागतात त्यानं एकोणीस पायऱ्या चढायच्या, हे कोणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे. पहिल्याच दिवशी मी तिथल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमना हे तोंडावर बोललो. त्या म्हणाल्या, "काका, खालचं भाडं दुप्पट आहे. आणि तुम्ही कठडा धरून का होईना चढून आलात ना, त्यात माझी अर्धी तपासणी झाली." मला राग आला होता. पाचातली एक चांदणी त्या पायऱ्यांपायी कापतो. बाकी चार देतो, आणि त्या चार काहून देतो ते सांगतो.

सेंटरचं नाव लिहीत नाही. मॅडमनीच नको म्हटलं. एका माणसाला पाऊण तास देतात, गर्दी झाली की तो पाव तासावर येईल. आमच्या तालुक्यातल्या माणसाला "तहसीलच्या मागं, कृषी केंद्राच्या वर" एवढं पुरे आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातला. साडेपाच एकर, कापूस आणि सोयाबीन, मधात तुरीच्या ओळी. वय ४७. शुगर नाही, बीपी नाही, तंबाखू-सुपारीचा खर्रा आहे. गेल्या साली पोळ्याच्या आठ दिवस आधी फवारणी सुरू होती. बॅटरीचा पंप बिघडला म्हणून तीन दिवस जुना हातपंप पाठीवर घेतला. १६ लिटरचा पंप भरला की लोखंडासकट वीस किलोच्या आसपास जातो. चौथ्या दिवशी युरिया आला. ४५ किलोची थैली ट्रॉलीतून काढली आणि पाय न हलवता कंबरेतूनच वळलो. कट्टकन काही झालं नाही, लोक सांगतात तसं. फक्त कंबर धरली. रात्री जेवलो, झोपलो. सकाळी पॅन्ट घालायला डावा पाय उचलला आणि ढुंगणापासून अंगठ्यापर्यंत करंट गेला. कुल्ला, मांडीची मागची बाजू, पोटरीची बाहेरची बाजू, पावलाचा वरचा भाग, अंगठा. रेघ मारल्यासारखं. यालाच सायटिका म्हणतात. खोकललो तरी करंट, शिंकलो तरी करंट. बसणं तर नकोच. संडासात बसायचं म्हणून मी दोन दिवस जेवलोच नाही नीट.

पोळ्याला बैलजोडी तोरणात पोरानं नेली. मी देवळाच्या ओट्याला टेकून उभा होतो, एका पायावर, बगळ्यासारखा.

सेंटरला जायच्या आधी मी सहा ठिकाणी फिरलो. हे सगळं लिहायचं कारण, तुम्हीपण तिथं तिथंच जाल.

गावातल्या डॉक्टरची सुई. चार तास बरं, मग होतं तसं. आठ दिवस गोळ्या खाल्ल्यावर पायाआधी पोट जळायला लागलं.

मग शेजारच्या गावातले नस बसवणारे. रविवारी रांग असते. नारळ आणि ५१ रुपये. पालथं पाडून त्यांनी टाच कंबरेत रोवली. मी आईला हाक मारली, ती वारून नऊ वर्षं झाली आहेत. त्यांनी "बसली नस" म्हणून पाठीवर थाप मारली. परतीला टमटममध्ये मला आडवं टाकून आणलं. कंबर धरली असेल, लचक भरली असेल तर कोणाला गुण येत असेलही, मी नाही म्हणत नाही. पण मणक्याची गादीच सरकली असेल तर त्यावर टाच रोवणं म्हणजे काय, ते मी त्या टमटममध्ये शिकलो.

बाबूजींचं वेगळंच. "आपल्या आज्याले हेच झालं होतं, घोट्यापाशी डाग देल्ला आन् बरा झाला." आज्याच्या घोट्यावर तो भाजल्याचा चट्टा मी लहानपणी पाहिलेला आहे. पुढं एका वैद्यांनी सांगितलं की आयुर्वेदात या दुखण्याला गृध्रसी म्हणतात. गृध्र म्हणजे गिधाड, माणूस त्याच्यासारखा लंगडत चालतो. आणि चरकसंहितेत क्रमच दिला आहे, आधी कुल्ला, मग कंबर, मांडी, गुडघा, पोटरी, पाऊल. माझ्या अंगावरची रेघ कोणीतरी मोजून लिहून ठेवल्यासारखी. डाग मी घेतला नाही. निर्गुडीच्या पाल्याचा शेक मात्र बायकोनं रोज दिला, त्यानं झोप लागायची. तेवढं त्याचं श्रेय.

जिल्ह्याच्या गावी हाडाचे डॉक्टर, एक्स-रे, "गॅप आहे." गॅप हा शब्द आमच्याकडे इतका चालतो की चौकात उभं राहून विचारा, दहातल्या सहा जणांच्या मणक्यात गॅप निघेल. खरं म्हणजे दोन मणक्यांतली जागा कमी झाली तर त्याला हे लोक गॅप म्हणतात. जागा कमी, आणि नाव गॅप. ९०० रुपयांचा पट्टा घेतला. रात्री झोपताना नसांची गोळी, प्रीगाबॅलिन, तिनं झिंग यायची. एकदा सकाळी गोठ्यात तोल गेला.

मग एमआरआय, ६,००० रुपये. रिपोर्टवर कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधली गादी डाव्या बाजूला बाहेर आल्याचं लिहिलं होतं, आणखी तीन जागी काय काय. तो कागद घेऊन एका मोठ्या शहरातल्या खासगी दवाखान्यात गेलो. तिथं मला कोणी खाटेवर झोपवलं नाही, पायाला हात लावला नाही. फिल्म उजेडात धरली आणि काउंटरवर ऑपरेशनचा अंदाज लिहून दिला, १,६०,००० रुपये, याच आठवड्यात. घरी दोन एकर गहाण टाकायची बोलणी सुरू झाली. कोणी म्हणे सेवाग्रामचा दवाखाना, कोणी म्हणे सावंगीचा, साळा म्हणे नागपूरचं मेडिकल.

शेवटी एका सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत नंबर लावला. साडेतीन तास गेले, पण तिथल्या पोरसवदा डॉक्टरनं पहिल्यांदा मला आडवं केलं. पाय सरळ ठेवून वर उचलला, एका हातोडीनं गुडघा-घोटा ठोकला, टाचेवर चालवलं, चवड्यावर चालवलं. म्हणाला, "ऑपरेशनची घाई नाही. सहा आठवडे फिजिओ करा, मग या. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली तर मात्र त्याच रात्री या, सकाळची वाट पाहू नका."

आता सेंटर.

जागा दोन खोल्यांची. बाहेर चार प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि बसणं हेच ज्यांचं मरण ते सगळे त्या खुर्च्या सोडून भिंतीला टेकून उभे. तिथं एखादी सतरंजी टाकली तर काय बिघडेल? मी सुचवलं आहे. आत दोन टेबलं, मधात हिरवा पडदा, बायकांसाठी वेगळी वेळ आहे, सकाळी दहा ते बारा. पहिल्या दिवशीचे ३०० रुपये, नंतर दर वेळचे २००. पॅकेज नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण दुसऱ्या एका ठिकाणी मला २१ दिवसांचं ९,००० रुपयांचं पॅकेज आगाऊ भरायला सांगितलं होतं.

मॅडम वयानं माझ्या पुतणीएवढ्या. पहिल्या दिवशी यंत्राला हातही लावला नाही, पन्नास मिनिटं नुसतं विचारत होत्या. वजन कमी झालं का, संध्याकाळचा ताप येतो का, रात्री घाम येतो का. मणक्याचा टीबी आपल्याकडे कमी नाही, म्हणून आधी तो बाजूला काढायचा. मग मान खाली न घालता विचारलं, "सायकलच्या सीटला अंगाचा जो भाग टेकतो, तिथं बधिर लागतं का? लघवी-संडास कळते ना?" मी बायकोकडं पाहिलं. बायको म्हणाली, "सांगा ना जी, लाजता काय." नाही म्हणालो. असं असेल तर कण्याच्या खालच्या टोकाचा नसांचा जुडगाच दबतो, आणि तिथं दिवस नाही, तास मोजतात. तसा पेशंट त्या स्वतः गाडीत बसवून मेडिकलला पाठवतात, फी न घेता.

मग पाय उचलला. हातभर वर गेला, आणि करंट. अंगठा वर ओढायला सांगून त्यांनी बोटानं दाबला, तर उजवा टिकला, डावा पडला. तेव्हा मला पावसाळ्यातली गोष्ट आठवली. शेतातून येताना डाव्या पायातली स्लिपर चिखलात मागं राहायची. मी चिखलाला शिव्या देत होतो. मॅडम म्हणाल्या, "चिखलाचा दोष नाही काका. अंगठा वर उचलणारी नस पाचव्या मणक्याची, तीच दबली आहे."

सायटिक नस ही अंगातली सगळ्यात लांब आणि सगळ्यात जाड नस. कंबरेतून आणि माकडहाडाच्या भागातून पाच मुळं निघतात, ती कुल्ल्यात एक होऊन करंगळीएवढी जाड दोरी बनते आणि मांडीच्या मागून खाली जाते. दुखतं पायात, पण पाय धुतल्या तांदळासारखा असतो, भानगड वर कंबरेत. विजेचं बटण खराब असताना बल्ब बदलत बसावं तसं मी महिनाभर पोटरीला मलम चोळत होतो.

गादीचं समजावताना मॅडमनी पुरणपोळी काढली. आपल्याकडची, पुरणानं ठासून भरलेली. लाटताना कड विरली की पुरण बाहेर डोकावतं, तसं गादीच्या आतलं मऊ गर बाहेर येतं आणि नसेला लागतं. मी म्हटलं, म्हणजे टायरला फुगा आला. तर त्या हसल्या. म्हणाल्या, फुगा आलेलं टायर कधी आपोआप बसलं का? नाही. गादीचं बसतं. बाहेर आलेला गर शरीर हळूहळू खाऊन टाकतं, बहुतेकांचं सहा ते बारा आठवड्यांत बरंच निवळतं. हे मला त्याआधी कोणीच सांगितलं नव्हतं. दोन एकर गहाण टाकायला निघालेल्या माणसाला हे वाक्य काय वाटलं असेल ते लिहून दाखवता येत नाही.

एमआरआयच्या बाकीच्या तीन ओळींबद्दलही विचारलं. काही दुखत नसलेल्या माणसांचे एमआरआय काढून पाहिले आहेत, विशीतल्या शंभरात तिसेकांच्या गाद्या फुगलेल्या निघतात आणि ऐंशीच्या लोकांत चौऱ्याऐंशींच्या. म्हणजे कागदावरची प्रत्येक ओळ हा रोग नसतो, ती केस पांढरे झाल्याची नोंद असते. जी ओळ पायाच्या तपासणीशी जुळते तीच कामाची. माझी एकच जुळत होती.

व्यायाम म्हणजे पहिल्या दिवशी नुसतं पालथं झोपणं. मला वाटलं, याचे ३०० रुपये? मग कोपरावर उठणं, मग हात सरळ करून छाती उचलणं, कंबर खालीच. भुजंगासनासारखं. हे न्यूझीलंडच्या मॅकेन्झी नावाच्या फिजिओचं आहे. १९५६ मध्ये त्याच्याकडे पायात कळ असलेला एक पेशंट आला, डोक्याकडून उचललेल्या टेबलावर चुकून पालथा पडून राहिला. कंबर मागं वाकलेली पाहून मॅकेन्झी घाबरला, तर पेशंट म्हणे पायातली कळ गेली. मॅडमनी मला एकच खूण दिली. दुखणं पोटरीतून मांडीत, मांडीतून कुल्ल्यात चढलं, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी करत राहा. दुखणं खाली पावलाकडं उतरायला लागलं तर तिथंच थांबा आणि मला फोन करा. एवढ्या एका खुणेवर मी घरी माझा मीच चाललो. दर दोन तासांनी दहा वेळा, ओसरीत सतरंजीवर. पहिले चार दिवस कुत्रं माझ्या बाजूला येऊन तसंच पालथं पडायचं.

तिसऱ्या आठवड्यात अंगठ्यातला करंट गेला. पाचव्यात पोटरी मोकळी झाली. मधात एकदा माझ्याच मस्तीनं मागं गेलो, मोटारसायकलवर बसून बाजार समितीत जाऊन आलो, बेचाळीस किलोमीटर. दोन दिवस पुन्हा खाटेवर. मॅडम ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, खाटेवर दोन दिवसांच्या वर राहू नका, पडून राहिल्यानं हे लवकर बरं होत नाही, घरातल्या घरात फिरा.

यंत्रं आहेत त्यांच्याकडं. करंटचं आहे, कंबर ताणायचं वजनाचं, म्हणजे ट्रॅक्शन, आहे. वजन लावून घ्यायची मला फार हौस होती, चार गावांत तेच ऐकलं होतं. त्यांनी दोनदा करंट लावला आणि सरळ सांगितलं, "हे घडीभर बरं वाटायला आहे, बरं व्हायला नाही." माझी पुतणी नर्सिंगला आहे. तिनं मोबाइलवर दाखवलं की ब्रिटनच्या 'नाइस' या सरकारी संस्थेनं सायटिकाला पट्टा, ट्रॅक्शन आणि ही करंटची यंत्रं देऊ नका असंच लिहून ठेवलं आहे. स्वतःच्या दवाखान्यातल्या यंत्राबद्दल असं बोलणारा माणूस मी तरी पहिल्यांदा पाहिला. पण मग ठेवलंच कशाला, असंही विचारलं. "काका, यंत्र नसलं तर लोक याला दवाखाना समजत नाहीत." पट्टा आता मी पंपाच्या पट्ट्याखाली खांद्यावर घडी करून ठेवतो, काचत नाही.

झिंगेच्या गोळीचंही तेच. ऑस्ट्रेलियात २०१७ साली चाचणी झाली, ती गोळी आणि साधी पिठाची गोळी यांच्यात सायटिकाच्या दुखण्याला फरक दिसला नाही, चक्कर मात्र खऱ्या गोळीवाल्यांना जास्त. पण मॅडमनी स्वतः बंद करू दिली नाही. ज्यांनी लिहून दिली त्यांनाच विचारून हळूहळू कमी करा म्हणाल्या. एकदम सोडायची नसते.

ऑपरेशनच्या त्या विरोधात आहेत असं मात्र नाही. आमच्याच गावातल्या एकाचं पाऊल लटकलं होतं, चालताना बोटं घासायची आणि रोज वाढत होतं. त्याला त्यांनीच नागपूरला धाडलं, ऑपरेशन झालं, आज तो वखर हाकतो. माझ्यासारख्याला, म्हणजे ताकद आणखी घटत नाही, दुखणंच जास्त, त्याला निवड असते. हॉलंडमध्ये २८३ पेशंटांवर पाहिलं आहे, लवकर ऑपरेशन केलेल्यांची कळ लवकर थांबली, पण वर्षानंतर दोन्हीकडचे जवळपास सारखे. कोणाला दोन महिने कळ सोसणंच शक्य नसतं, रोजी बुडते, त्यानं आधी करून घेतलं तर ते चूक नाही. मणक्यातल्या स्टेरॉइडच्या सुईचंही सांगितलं, काही आठवडे आराम मिळू शकतो, शुगरवाल्यांची शुगर वाढते. मला गरज पडली नाही.

सगळ्यात कामाचं शेवटी शेवटी झालं. मॅडमनी सेंटरमध्ये वाळूची थैली ठेवली आहे, वीस किलोची. ती उचलायला लावली. कुल्ले मागं, गुडघ्यात वाकून, थैली पोटाशी, आणि वळायचं तर पावलं टाकून वळायचं. मी ४७ वर्षांचा माणूस, आयुष्यभर पोती उचलली, आणि उचलायला शिकत होतो. मग बायकोला म्हणाल्या, "काकू, तुम्ही कापूस वेचताना वाकता कशा, दाखवा." बायकोनं ओटी बांधल्याचं सोंग करून दाखवलं. दिवसभर गुडघे ताठ आणि कंबर दुमती. मॅडम गप्प झाल्या, मग म्हणाल्या, पेशंट एकच आणलात का? तिला तासातासाला उभं राहून कंबर मागं करायला सांगितलं. तिची फी घेतली नाही. वेचणीत खरंच करते का, तर नाही करत. मजुरीवाल्या बाया हसतात म्हणे.

तक्रारी. व्यायामाचा कागद इंग्रजीत छापलेला आहे, चित्रं बरी पण खालचं मला काय कळणार. मॅडमनी माझ्या कागदावर पेनानं मराठीत लिहून दिलं, तसं सगळ्यांसाठीच छापा. मदतीला जी मुलगी आहे ती मोबाइलमधून मान काढत नाही. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. दुपारी लाइट गेली की पंखा बंद, आणि वरची खोली पत्र्याची.

मी दहा वेळा गेलो. एकूण २,१०० रुपये. त्याआधीच्या सहा ठिकाणांचा खर्च, गाडीभाडं धरून, साडेअकरा हजारांच्या वर आहे. आज पाय सरळ ठेवून जवळपास पुरा वर जातो. पंप मी दहा लिटरच भरतो, चकरा वाढतात. थैली ट्रॉलीतच फोडून दोन घमेल्यांत नेतो. अंगठ्याची एक बाजू अजून बधिर आहे, मॅडम म्हणतात नस सावकाश भरते, जाईल किंवा थोडं राहीलही. खर्रा सुटला नाही. त्यावर जे भाषण झालं ते इथं लिहीत नाही.

जायचं असेल तर ढिला पायजमा घालून जा, जीन्समध्ये पाय उचलत नाही. एमआरआय काढला असेल तर सोबत न्या, नसेल तर आधी काढत बसू नका. सुटे पैसे ठेवा, वर नेट लागत नाही. मंगळवारी जाऊ नका. आठवडी बाजार असतो, गाडी लावायला जागा नाही, आणि चपला पायऱ्यांखाली काढाव्या लागतात. माझ्या एका मंगळवारी कोणी नवी स्लिपर नेली. जोड नाही, फक्त डावी.